तांदूळ भिजवावेत का? आधी तांदूळ कुठला आणि भांडं कुठलं, ते सांगा

विचारलंय ते थोडक्यात असं: माहेरी तांदूळ धुऊन थेट कुकरला लावायची पद्धत, सासरी अर्धा तास भिजवल्याशिवाय कुकर चढत नाही, आणि मोबाइलवर रोज कुणी ना कुणी सांगतं की न भिजवलेल्या तांदळाचा भात खाल्ला तर साखर वाढते, पोट फुगतं, आर्सेनिक अंगात जातं. यातलं खरं किती, आणि भिजवण्याची खटपट करावी का?

आमची पुण्यात खानावळ आहे, लग्नामुंजीच्या ऑर्डरीही घेतो. रोजचा साधा भात, मसालेभात, साखरभात, अधूनमधून बिर्याणी असं सगळं हाताखालून जातं, त्यामुळे या विषयावर बोलायला मला आवडतं. आधी उत्तर सांगते, मग कारणं. कुकरमधल्या रोजच्या इंद्रायणीला किंवा कोलमला भिजवायची गरज नाही. जुन्या बासमतीला भिजवल्याचा फरक डोळ्यांना दिसतो. साखरभात, नारळी भात यांना मी भिजवल्याशिवाय हात लावत नाही. हातसडीच्या आणि उकड्या तांदळाला भिजवलं तर वेळ आणि गॅस दोन्ही वाचतात. आणि कुठलाही तांदूळ भिजवलात तर शिजवताना पाणी कमी घाला. ‘भिजवला की भात गिचका होतो’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी पाण्याचं माप तेच ठेवलेलं असतं.

आता दाण्यात काय होतं ते बघू. एका गडद रंगाच्या ताटलीत कोलमचे पाच-पन्नास दाणे घ्या आणि वर पाणी ओता. कोरडा दाणा काचेसारखा असतो, उजेडात धरला तर थोडा आरपार दिसतो. दहा मिनिटांत त्याच्यावर आडव्या बारीक रेघा उमटतात आणि कडा पांढऱ्या पडायला लागतात. अर्ध्या तासात दाणा खडूसारखा पांढराफेक होतो. मधल्या वेळात एकेक दाणा दोन नखांमध्ये धरून चेपत जा. कोरडा दाणा दाद देत नाही, किंवा कट्‌ करून दोन तुकडे होतात. दहा मिनिटांचा दाणा मोडतो, पण मध्ये काचेरी ठिपका राहिलेला दिसतो. अर्ध्या तासाचा दाणा चेपला की त्याचा रवा होतो. तो ठिपका गेला की भिजवणं पुरं झालं. घड्याळ लावायची गरज नाही. थंडीत थोडा जास्त वेळ लागतो, मे महिन्यात कमी.

साठवणीच्या तांदळात १२ ते १४ टक्के ओलावा असतो. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ साध्या पाण्यात भिजून ३० टक्क्यांच्या आसपास जातो आणि तिथे अडतो. पुढे तासन्‌तास ठेवला तरी थंड पाण्यात फार वाढत नाही, कारण त्यापुढे फुगायला दाण्यातल्या पिष्टाला उष्णता लागते. बहुतेक तांदळांत हे पिष्ट ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान फुलायला लागतं, कुणाचं अलीकडे, कुणाचं पलीकडे.

गंमत अशी की उष्णता दाण्याच्या मध्यापर्यंत चटकन पोचते, पाणी मात्र सावकाश पोचतं. कोरडा दाणा उकळत्या पाण्यात पडला की बाहेरचा थर लगेच फुलतो, आतल्याला पाणीच मिळालेलं नसतं. आतली कणी शिजेपर्यंत बाहेरचं शीत फुटून चिकट झालेलं असतं. भिजवल्यामुळे पाणी आधीच मध्यापर्यंत जाऊन बसलेलं असतं, त्यामुळे आतबाहेर एकदम शिजतं. भिजवण्याचं काम एवढंच. म्हणून भिजवावं की नाही हे ठरवताना मी एवढंच बघते, की माझं भांडं पाण्याला आत शिरायला सवड देतंय की नाही.

कुकर भरपूर सवड देतो. डब्यात गार पाणी, त्यात धुतलेले तांदूळ, खाली कुकरचं पाणी. गॅस लावल्यापासून वाफ धरेपर्यंत जी सात-दहा मिनिटं जातात, त्यात तांदूळ कोमट, मग गरम पाण्यात भिजतच असतो, आणि कोमट पाण्यात तो थंड पाण्यापेक्षा भरभर भिजतो. मग आतलं तापमान ११५-१२० अंशांपर्यंत चढतं. गॅस बंद केल्यावरही प्रेशर उतरेपर्यंत शिजणं चालूच असतं. इतक्या लाडाकोडात कणी राहायला वावच नाही. अशा ठिकाणी आधी अर्धा तास भिजवून काय मिळवायचं? मिळतो तो जास्त मऊ भात. म्हातारी माणसं किंवा लहान मूल असेल आणि गुरगुट्या भातच हवा असेल तर भिजवा, वाईट काही नाही. पण मोकळ्या भातासाठी म्हणून कुकरला भिजवलेले तांदूळ लावणं उलटंच काम करतं.

वरण-भाताचा एकत्र कुकर लावणाऱ्यांनी तर हे नक्की करू नये. तूरडाळ शिजायला चार-पाच शिट्ट्या, भाताला दोन पुरतात. तांदूळ भिजवले म्हणजे दोघांतलं अंतर आणखी वाढवलंत. डाळ बोटचेपी होईपर्यंत भाताची खीर झालेली असते, आणि भात बेताचा ठेवावा तर डाळ टचटचीत राहते. भिजवायचंच असेल तर तुरीची डाळ अर्धा तास भिजवा, तिचा डबा खाली ठेवा, तांदूळ ऐनवेळी धुऊन वरच्या डब्यात लावा. तीन शिट्ट्यांत दोन्ही जागेवर येतात. सासूबाईंची अर्धा तास आधीची सवय मोडायला नको, फक्त भांड्यातलं धान्य बदला.

गार पाण्यात तांदूळ घालून पातेलं गॅसवर चढवता तेव्हाही हेच होतं; पाणी तापेपर्यंत दाणा भिजतो. इलेक्ट्रिक कुकरचंही तसंच. त्यातल्या काही कुकरांत तर सुरुवातीची काही मिनिटं मंद गरम करून तांदूळ भिजवायची सोयच केलेली असते, म्हणजे तुम्ही बाहेर भिजवले तर दुबार काम.

आधणाचा भात वेगळा. पाणी खळखळून उकळलं की त्यात तांदूळ वैरायचे, ही आपली चुलीवरची जुनी रीत. इथे दाण्याला कोमट पाण्यातली ती दहा मिनिटं मिळत नाहीत, तो थेट उकळीत पडतो. आणि नेमकं याच रीतीच्या जोडीला जुन्या बायकांची दुसरी सवय होती: स्वयंपाकाला लागण्याआधी तासभर तांदूळ धुऊन रोवळीत निथळत ठेवायचे. कुणी त्याला भिजवणं म्हणत नाही, पण दाण्याला चिकटून राहिलेलं पाणी तेवढ्या वेळात दाण्यातच शिरतं. भिजवल्यावर दाणा जेवढं पाणी पितो, त्याच्या साधारण निम्मं तरी असं निथळताना पितो, असा माझा अंदाज आहे. शिवाय वरून दाणा कोरडा होतो, तो मोडत नाही. माहेरी ‘भिजवत नाहीत’ म्हणणाऱ्या पुष्कळ घरांत तांदूळ धुऊन बाजूला ठेवलेले असतात आणि मग फोडणी, कणीक, भाजी चिरणं चालू असतं. तो भात चांगला होतो त्यात या बाजूला ठेवण्याचा वाटा असतो. तेव्हा माहेर-सासरच्या वादात दोन्ही बाजू एकच गोष्ट करत असण्याची शक्यता बरीच आहे.

मसालेभाताला मी हीच रीत वापरते, पाण्यात बुडवून ठेवत नाही. कारण मसालेभातात तांदूळ फोडणीत परतायचे असतात. पूर्ण भिजलेला दाणा ठिसूळ असतो, झाऱ्याखाली त्याचे तुकडे होतात, आणि तुकड्यांचं पीठ सगळ्या भाताला चिकट करतं. निथळलेला दाणा मात्र तेल-तुपात परतला की सुटा राहतो. तोंडली, मटार जे असेल ते फोडणीत घालून, गोडा मसाला घालून तांदूळ दोन-तीन मिनिटं परतायचे, दाणा तुपाने चकाकला पाहिजे आणि उलथण्याला हलका लागला पाहिजे. मग उकळतं पाणी. इथे गार पाणी ओतलं तर फोडणी थंड पडते, पातेलं पुन्हा तापेपर्यंत तांदूळ नुसता पाण्यात बसून राहतो, आणि परतून मिळवलेला सुटेपणा जातो. घरी वाटीला दोन वाट्या पाणी लागतं. लग्नाच्या दहा किलोच्या पातेल्याला त्याच हिशेबाने पाणी घातलं तर चिखल होईल. मोठ्या पातेल्यात वाफेवाटे जाणारं पाणी प्रमाणात फार कमी असतं. तिथे दहा किलो कोलमला अठरा ते वीस लिटर पाणी मला पुरतं, बाकी तांदूळ किती जुना त्यावर.

पाण्याचा हिशेब आता मांडते, कारण सगळी मेख तिथेच आहे. किलोभर पांढरे तांदूळ अर्धा तास भिजवून चाळणीत नीट निथळले आणि वजन केलं तर साधारण सव्वा ते एक किलो तीनशे ग्रॅम भरतात. म्हणजे पाव लिटर किंवा थोडं जास्त पाणी दाण्यांनी आधीच पिऊन टाकलंय. ते तुमच्या मापातून वजा झालं पाहिजे. घरच्या हिशेबात वाटीभर तांदळाला पाव वाटी पाणी कमी. एरवी दोन वाट्या घालत असाल तर पावणेदोन घाला. तांदूळ मापायचे ते मात्र कोरडे. भिजून फुगलेले वाटीने मोजले की सगळाच हिशेब चुकतो. आणि निथळायचे म्हणजे खरंच निथळायचे. नुसतं भांडं वाकडं करून पाणी ओतून दिलं तर तळाशी जे राहतं ते मापाबाहेरचं पाणी भातात जातं. ही कटकट नको असेल त्यांच्यासाठी सोपा मार्ग: तांदूळ आधी स्वच्छ धुवा, मग मापाचं पाणी घालून त्यातच भिजत ठेवा आणि त्याच पाण्यात शिजवा. वजाबाकी करावी लागत नाही, दाण्यातून जे काही पाण्यात उतरलंय तेही भातातच राहतं.

या सगळ्याच्या वर असतं तांदळाचं वय. दिवाळीच्या सुमारास निघालेला नवा इंद्रायणी जानेवारीत घरी आणलात तर त्याला भिजवण्याचा विचारही करू नका. नव्या तांदळाचा दाणा पाणी पटकन घेतो आणि पटकन फुटतो. वाटीला पावणेदोनपेक्षा जास्त पाणी सोसत नाही. तोच तांदूळ पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुरला की दाणा कणखर होतो, दोन-सव्वादोन वाट्या पाणी मागतो आणि फुलतोही जास्त. साठवणीत दाण्यातल्या प्रथिनांची आपापसांतली बांधणी घट्ट होते, पिष्टाला फुगायला ती आडकाठी करते. म्हणून वाणी जुना तांदूळ महाग विकतो आणि म्हणूनच भिजवण्याचा फायदा जुन्या तांदळाला जास्त मिळतो. पिशवी कितव्या महिन्यातली आहे हे विचारल्याशिवाय मी कुणाला पाण्याचं प्रमाण सांगत नाही.

इंद्रायणी वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला, १९८७ चा वाण. त्याच्यात आंबेमोहोराचं रक्त आहे, म्हणून वास आणि चिकटपणा दोन्ही. त्याचा भात मऊ, किंचित चिकट, वरणाबरोबर कालवण्याजोगाच व्हायला हवा. त्याला मोकळा करायच्या नादात भिजवणं, लिंबू पिळणं, तेल घालणं हे सगळं लोक करतात. मोकळाच हवा तर वाडा कोलम आणा, इंद्रायणीला कशाला छळायचं? आंबेमोहोराचंही तेच. खरा आंबेमोहोर मुळशी-मावळ-भोरच्या पट्ट्यातला, ठेंगणा दाणा, आणि त्याच नावाखाली बाजारात जिराशंकरही खपतो. एकाच नावाच्या दोन पिशव्यांचे भात वेगवेगळे झाले तर दोष तुमच्या पाण्याचा असेलच असं नाही.

बासमतीला भिजवणं खरोखर कामाला येतं. लांब दाणा, त्यात वर्ष-दोन वर्षं मुरवलेला. पुसा ११२१ सारख्या जातीचा कच्चा दाणाच आठ मिलिमीटरच्या पुढे असतो आणि शिजल्यावर लांबी दुपटीहून जास्त होते. ही वाढ लांबीत व्हायला पाणी आतपर्यंत सारखं पोचलेलं लागतं. न भिजवलेला बासमती उकळीत टाकला तर टोकं आधी फुटतात, दाणा कुठे वाकतो, कुठे आडवा फुगतो. अर्धा तास भिजवलेला उकळत्या, चांगल्या खारट पाण्यात पाच-सहा मिनिटांत तीन हिस्से शिजतो. शीत नखाने तोडून बघायचं, मध्ये बारीक पांढरा ठिपका दिसला की ताबडतोब वेळायचा, म्हणजे पाणी काढून टाकायचं, आणि बिर्याणीच्या थरावर पसरायचा. उरलेलं काम दम करतो. न भिजवता हेच करायला नऊ-दहा मिनिटं लागतात आणि त्यात वासही जातो. बासमती आणि आंबेमोहोर दोघांच्या वासाचा मुख्य घटक एकच आहे, २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलीन नावाचा, आणि तो वाफेबरोबर उडणारा आहे. उघड्या भांड्यात जितकं कमी उकळाल तितका तो ताटापर्यंत पोचतो. तासाच्या वर मात्र बासमती भिजवू नका. दोन-तीन तास भिजलेला दाणा हात लावला तरी तुटतो, आणि महागाच्या तांदळाची कणी झालेली बघवत नाही. गरम पाण्यात भिजवून वेळ वाचवायचा प्रयत्नही नको, दाण्याला तडे जातात.

साखरभात, नारळी भात या गोडाच्या भातांत लोक हमखास फसतात. साखर किंवा गूळ घातला की भात पुढे शिजत नाही. साखर पाणी स्वतःकडे ओढते आणि पिष्ट फुलायला लागणारं तापमानही वाढवते. घालताना दाण्यात जरा जरी कणी असेल तरी ती कायमची राहते, वर भात ताठरतो. चुलीवर कितीही ठेवा, मऊ होत नाही. म्हणून नारळी पौर्णिमेच्या भाताला मी तांदूळ अर्धा तास भिजवते, मग दहा-पंधरा मिनिटं निथळते, तुपावर लवंगा टाकून अलगद दोनदा परतते आणि उकळत्या पाण्यात पूर्ण शिजवून घेते. पूर्ण म्हणजे अंगठ्याखाली शीत चेपलं तर काही टोचता कामा नये. परातीत मोकळा करून वाफ जाऊ दिली की मग गूळ-खोबरं. गुळाने भात पुन्हा सैल होतो, तेव्हा घाबरून गॅस मोठा करू नका, मंद आचेवर जिरू द्या.

हातसडीचा तांदूळ, लाल तांदूळ, पाकिटातला ब्राउन राइस: यांच्या अंगावर कोंड्याचा थर असतो आणि तो पाण्याला अडवतो. अर्ध्या तासाने यांना काहीच होत नाही. सहा-आठ तास लागतात. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये भिजवा, नाहीतर सकाळी पाण्याला आंबूस वास येतो. रात्री भिजवलेला तांदूळ सकाळी निम्म्या वेळात शिजतो, असं म्हणायला हरकत नाही. कोकणात आणि गोव्यात खाल्ला जातो तो उकडा तांदूळ आणखी वेगळा. तो भात असतानाच, म्हणजे साळीसकट, भिजवून उकडून वाळवलेला असतो. त्यातलं पिष्ट एकदा फुलून परत घट्ट झालेलं असतं, त्यामुळे दाणा दगडासारखा आणि शिजायला पाऊण तासही घेतो. पेज करायची असेल तर भरपूर पाण्यात मंद आचेवर तसाच सोडून देतात, वेळ हाच तिथला मसाला. गॅसवर करायचं तर दोन-तीन तास भिजवून घ्या. उकडताना कोंड्यातलं बी-१ जीवनसत्त्व काही अंशी दाण्यात उतरतं, त्यामुळे हा तांदूळ पांढऱ्यापेक्षा पौष्टिक आहे हे खरं आहे, आणि त्यात भिजवण्याचा जो वाटा होता तो गिरणीतच उरकलेला आहे.

आता मोबाइलवरचे दावे. भिजवल्याने साखर निघून जाते म्हणतात. तांदळात साखर जवळजवळ नसतेच, असतं ते पिष्ट, वजनाच्या पाऊणपटीहून जास्त. भिजवलेल्या पाण्यात जो पांढरेपणा दिसतो ते दाण्याच्या अंगावर घासून बसलेलं पीठ. पाणी वाळवून बघितलंत तर चिमूटभर निघेल. भिजवलेला भात मऊ शिजतो आणि मऊ भात पचायला काही हळू होत नाही. मधुमेह असेल तर भाताचं प्रमाण, जोडीला डाळ-उसळ-भाजी आणि डॉक्टरांचा सल्ला यांवर लक्ष द्या, भिजवण्याच्या भरवशावर एक वाढप जास्त घेऊ नका.

फायटिक आम्ल हा दुसरा बागुलबुवा. ते लोह-जस्त शोषू देत नाही हे बरोबर, पण ते मुख्यतः कोंड्यात असतं. पॉलिश केलेल्या तांदळात कोंडाच नाही, तर काढायचं काय? हातसडीत रात्रभर भिजवून ते थोडं कमी होतं, पाणी फेकलं तर.

आर्सेनिकची गोष्ट खरी आहे, पण ती भिजवण्याची नाही. भाताचं पीक साचलेल्या पाण्यात उभं असतं, म्हणून जमिनीतलं आणि भूजलातलं आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त ओढतं. बंगाल-बिहारच्या गंगेच्या खोऱ्यात आणि बांगलादेशात ही मोठी चिंता आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलेला उपाय असा: तांदळाच्या सहा ते दहा पट पाण्यात शिजवून जास्तीचं पाणी काढून टाका, तांदळाच्या जातीनुसार ४० ते ६० टक्के असेंद्रिय आर्सेनिक कमी होतं. म्हणजे आपला वेळलेला भात. अर्धा तास भिजवून तेच पाणी शिजवायला घेतलं तर काहीही कमी होत नाही. परदेशात राहणाऱ्या आणि लहान मुलांना रोज भात देणाऱ्या घरांनी वेळायची सवय पुन्हा लावून घ्यायला हरकत नाही. त्या पाण्याबरोबर बी गटातली जीवनसत्त्वंही जातात, हा त्याचा तोटा.

त्यावरून रेशनच्या तांदळाचं सांगते. त्यात गेल्या काही वर्षांत पौष्टिक दाणे मिसळलेले आले, साधारण शंभर किलोला एक किलो. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून यंत्रातून पाडलेले. धुताना किंवा भिजवताना ते कधी वर तरंगतात, रंगाने थोडे वेगळे दिसतात, मग ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून फोटो फिरतात. ते वेचून फेकू नका. या तांदळाला खसाखसा चोळून पाचदा धुणं किंवा भिजवून पाणी ओतून देणं म्हणजे त्यात घातलेलं परत मोरीत सोडणं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचंही सांगणं आहे की धान्य शिजवण्याआधी वारंवार धुऊ नये. दोन पाणी पुरे.

याला एक अपवाद आहे आणि तो आपल्याकडे घरोघरी सापडतो. वर्षाच्या तांदळाला तुम्ही बोरिक पावडर चोळत असाल, तर ते तांदूळ तीन-चार पाण्यांनी, हाताला गुळगुळीत लागायचे थांबेपर्यंत धुवा, आणि त्यानंतरच भिजवायचे असतील तर भिजवा. न धुता भिजवून त्याच पाण्यात शिजवणं हे अशा तांदळाला कदापि करायचं नाही. कडुलिंबाचा पाला घालून ठेवणाऱ्यांना ही काळजी नाही, त्यांनी फक्त पानं वेचावीत.

कधी भिजवून ठेवले आणि बेत बदलला, पाहुणे आलेच नाहीत, असं झालं तर पाणी काढून टाका, तांदूळ निथळून झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचा भात लावता येतो, मोकळा होणार नाही, खिचडीला किंवा मऊ भाताला उत्तम. ओट्यावर विसरून पाच-सहा तास गेले असतील आणि पाण्याला वास नसेल तर भाताच्या भानगडीत पडू नका. मिक्सरमधून गंधासारखं बारीक वाटा, ताकाइतकं पातळ करा, मीठ घाला आणि बिडाच्या तव्यावर घावन काढा. पीठ तव्याच्या कडेकडून मध्याकडे ओतत यायचं, उलथण्याने पसरवायचं नाही, झाकण ठेवून एक वाफ. बासमतीचे घावन मात्र जाळी धरत नाहीत, त्यात मूठभर कोलम किंवा जाडा तांदूळ भिजवून मिसळावा लागतो.